कॅमेऱ्याची दोरी

"अगं आई गं!" एवढंच माझ्या तोंडातून निघालं. शेजारच्या मोटार रिवायंडिंगच्या दुकानातून माझा धाकटा भाऊ ज्ञानू हातातली पक्कड तशीच घेऊन पळत आला. त्याला वाटलं मला करंट बसला. मी नुसतं स्क्रीनकडं बोट केलं.

पण तिथं काय दिसलं हे सांगायच्या आधी माझा कॅमेरा पाण्यात कशाला गेला होता ते सांगते.

रहिमतपूरला माझा व्हिडिओ स्टुडिओ आहे. उमाताईचा स्टुडिओ म्हटलं की कुणीही दाखवील. तोंडाची फटकळ म्हणूनही दाखवील, त्याला माझी ना नाही. आमच्याच भागातले रिटायर सुभेदार आकाराम, त्यांच्या लेकीचं, राजेश्वरीचं लग्न तासगावकडच्या वीरधवलशी ठरलेलं. मुलाकडं द्राक्षबागा, मोठं घर, आणि वडील नानासो म्हणजे गावातलं वजनदार माणूस. वीरधवलच्या कुठल्याशा मित्रानं लग्नाआधीचं शूटिंग पाण्याखाली केलं होतं, म्हणून ह्यालाही तसलंच पाहिजे.

"आमच्याच शेततळ्यात करू, ताई. पाणी निवळशंख हाय."

"अरे बाबा, शेततळं हाय का स्विमिंग टँक?" मी म्हटलं.

"मी कृष्णेच्या पुरात पोहलेला माणूस हाय. तुमी कॅमेऱ्याचं बघा."

बरं, बघते म्हटलं. शेततळं ज्यांनी पाहिलं नसेल त्यांना सांगते. बागेला पाणी साठवायला खणलेला भला मोठा खड्डा असतो तो. चारी बाजू उतरत्या, आणि वरून सगळा जाड प्लॅस्टिकचा कागद अंथरलेला. त्या कागदावर शेवाळ धरलं की आत पडलेलं मांजरसुद्धा वर चढू शकत नाही.

मग मी कॅमेऱ्याच्या मागं लागले. माझा मोठा कॅमेरा पाण्यात न्यायचा तर त्याची खास पेटी पुण्याहून भाड्यानं आणायची, आणि तिच्या झाकणात डोक्यावरचा एक केस जरी अडकला तरी कॅमेरा गेला म्हणून समजा. वीरधवलचे मित्र म्हणे, मोबाईल पिशवीत घालून चालतंय की. मी म्हटलं, मग मोबाईलवाल्यालाच बोलवा, मी कशाला येऊ? शेवटी माझा मुठीएवढा छोटा कॅमेरा घ्यायचा ठरवला. त्याला कडक प्लॅस्टिकचं कव्हर मिळतं. त्यात दिसतं रुंद, पण माणूस जवळ पाहिजे, लांब गेला की नुसता धुरळा.

कॅमेऱ्याविना रिकामं कव्हर, आत टिश्यू पेपर ठेवून, ज्ञानूच्या पाण्याच्या बॅरलमध्ये रात्रभर बुडवलं. सकाळी कागद कोरडा ठणठणीत निघाला तेव्हा कुठं माझा जीव भांड्यात पडला. झाकणाची रबरी रिंग पुसून तिला ग्रीसचं बोट लावलं. ज्ञानू खोबरेल तेल घेऊन आला होता, त्याला हाकलला. काच आतून धुरकटू नये म्हणून बुटांच्या खोक्यातल्या त्या ओल शोषणाऱ्या पांढऱ्या पुड्या आत सारल्या. पाण्यात सगळं हिरवं दिसतं, म्हणून तिथं पांढरी बशी धरून रंग जुळवायचं ठरवलं. एक गोष्ट मात्र कुणालाच जमत नाही. कॅमेरा पाण्यात गेला की मोबाईलशी त्याचं बोलणं बंद होतं. काठावर बसून आतलं काही दिसत नाही. चालू करून सोडायचा आणि काय आलं ते घरी येऊन बघायचं.

कॅमेऱ्याच्या तिवईच्या पायांना ज्ञानूनं जुन्या मोटारीचे लोखंडी तुकडे बांधून दिले, आणि मी नायलॉनची दोरी लावली. ओल्या हातातून निसटू नये म्हणून तिला गाठी मारल्या.

"अक्का, कॅमेरा बांधतीयास का बैल?" ज्ञानू हसला.

"बैल परवडंल रं, कॅमेरा न्हाई परवडायचा."

हे मी हसत हसत म्हटलं होतं.

शूटिंगच्या दिवशी ऊन छान होतं. पाण्यात उतारावर, प्लास्टर करताना गवंडी उभे राहतात तो लोखंडी घोडा ठेवला होता. त्याच्या पायांखाली नानासोंनी वाळूची पोती टाकून घेतली. त्यावर दोघांनी छातीभर पाण्यात उभं राहायचं, श्वास धरून खाली जायचं, एकमेकांकडं बघायचं, वर यायचं. राजेश्वरीनं लाल घेरदार गाऊन घातला होता, मागं हा एवढा लांब घोळ. तिला पोहता येत नव्हतं. "मी हाय की," वीरधवल म्हणाला, आणि ती लाजली. मी तिवई त्यांच्यापुढं सोडली, दोरी काठावरच्या लिंबाला बांधली आणि कॅमेरा चालू ठेवला.

दोनतीनदा झकास झालं. पुढच्या खेपेला दोघं खाली गेले आणि घोडा कागदावरून सटकला. पोती-बिती घेऊन सरळ खोलात. पाण्यावर नुसता तो लाल गाऊन फुगून पसरलेला, त्याच्याखाली काय चाललंय कुणाला दिसेना. आकाराम ओरडत उतारावर धावले, घसरून पडले, माणसांनी त्यांना मागं ओढलं. एवढ्यात वीरधवल वर आला, कुणीतरी टाकलेल्या पाईपला धरून काठाला लागला. मग त्यानं वळून पाण्यात हात घातला आणि राजेश्वरीचं मनगट धरून तिला वर घेतलं. पोरगी पांढरीफटक. खोकली, पाणी ओकली, रडली. जिवंत होती.

"पोरानं पोरीला काढलं!" नानासो ओरडले, आणि सगळीकडं तेच झालं. आकारामांनी स्वतःच्या बोटातली अंगठी काढून तिथंच वीरधवलच्या बोटात घातली आणि त्याच्या गळ्यात पडून ढसाढसा रडले. पलटणीत आयुष्य काढलेला माणूस, असा रडताना मी कधी बघितला नव्हता. मलाही रडू आलं. राजेश्वरीला मिरजेला दवाखान्यात नेलं, रात्रभर ठेवून घेतलं आणि सोडलं. उजव्या खांद्यावर तेवढा एक काळानिळा डाग होता. "जावयानं धरलं तिथं उमटलंय," अशी बायका कौतुकानं बोलायच्या.

आणि आता मी स्टुडिओत बसून ते शूटिंग बघत होते.

घोडा सटकतो. दोघं खाली जातात. राजेश्वरी त्याच्या कमरेला मिठी मारते. डोळे टक्क उघडे, त्याच्या तोंडाकडं बघतीय. तो तिची बोटं सोडवतो. एक सोडवलं, दुसरं सोडवलं. मग गुडघा वर घेतो, तिच्या खांद्यावर पाय ठेवतो आणि रेटा देऊन वर जातो. ती खाली, पार चौकटीच्या बाहेर. नुसते बुडबुडे. मग खालून एक हात येतो, चाचपडत तिवईचा पाय धरतो, सगळं चित्र तिरकं होतं. तो हात दोरीला लागतो. एका गाठीवरून दुसऱ्या गाठीवर. लाल बाही कॅमेऱ्यासमोरून वर जाते. ती काठाच्या पार जवळ पोचल्यावर वरून वीरधवलचा हात पाण्यात येतो आणि तिचं मनगट धरतो.

"आयला!" ज्ञानू मटकन खाली बसला. "ही तर आपल्या दोरीनं वर आली की गं!"

"त्यानं पाय दिला तिच्या खांद्यावर, ज्ञानू! पाय दिला!"

ज्ञानूनं क्लिप मागं नेऊन परत एकदा बघितली. मग ज्ञानू हळूच म्हणाला, "अक्का, बुडताना माणसाला कायबी सुचत न्हाई गं. त्यानं मुद्दाम केलं आसंल आसं न्हाई."

त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. माझा संताप जरा खाली बसला. बिचाऱ्याला आठवतही नसेल, असं मी स्वतःला समजावलं. तेवढ्यात नानासोंचा फोन.

"उमाताई, पाण्यातला कॅमेरा चालूच हुता न्हवं? मग आमच्या पोरानं सूनबाईला काढली ती क्लिप हॉलमधी मोठ्या स्क्रीनवर लावायची. अक्षता पडायच्या आधी. झकास म्युझिक टाका."

मी हूं का चूं करायच्या आत त्यांनी फोन ठेवला. पाच मिनिटं गेली नसतील, वीरधवलचा आला. आवाज एकदम बारीक.

"ताई, नानांचं काय ऐकू नका. ती क्लिप उडवून टाका. कॅमेऱ्यात पाणी गेलं म्हणून सांगा."

"का रं?"

"उगं कशाला. तिनं काय बघितलं न्हाई, तिचं डोळं मिटलेलं हुतं. तुमी बघितलं आसंल, मला ठावं हाय, इषय संपला. लग्न झाल्यावर तुमच्याकडंच सगळी कामं देतो की."

म्हणजे ह्याला सगळं आठवत होतं. पाय देताना नसेल कळलं, ते मी सोडून देईन. पण सासऱ्याच्या बोटातली अंगठी घालून घेताना कळत होतं, लोकांचं कौतुक ऐकून घेताना कळत होतं, आणि आता मला गप्प राहायला सांगतानाही कळत होतं. असला निर्लज्जपणा! मी फोन आपटला. लग्न चार दिवसांवर आलेलं. सांगावं तर पोरीचं लग्न मोडल्याचं खापर माझ्या डोक्यावर, आणि न सांगावं तर ती जन्मभर ह्याच्या भरवशावर. जेवण जाईना मला.

दुसऱ्या दिवशी दुपारी राजेश्वरीच आली. आकाराम बाहेर गाडी लावून कुणाशी तरी बोलत उभे होते. ती एकटीच आत आली आणि तिनं दार लोटून घेतलं.

"ताई, मला ते बघायचंय."

"अगं, त्यात काय बघायचं? उगाच जिवाला घोर..."

"ताई." तिनं माझा हात धरला. तिचा हात गार होता. "मला बघायचंय."

मी लावलं. पाय खांद्यावर आला तेव्हा माझ्यानं स्क्रीनकडं बघवेना, मी तिच्याकडं बघत राहिले. मला वाटलं होतं ती किंचाळेल, कोसळेल. तिनं एक लांब श्वास सोडला, बास.

"म्हणजे मला भास झाला नव्हता," ती म्हणाली.

आता आ वासायची पाळी माझी होती. "तुला माहीत होतं?"

"खांद्यावर पाय होता, हात नव्हता, हे मला तिथंच कळलं होतं. दवाखान्यात मी आईला दोनदा म्हटलं. आई म्हणाली, घाबरून काहीबाही वाटतं, ज्यानं जीव वाचवला त्याच्याबद्दल असं बोलू नये. सगळेच तेच सांगायला लागले. मग मलाच वाटायला लागलं माझंच डोकं फिरलंय." ती परत स्क्रीनकडं वळली. "ही दोरी माझ्यासाठी बांधली होती?"

खोटं बोलणं मला जमलं नाही. "न्हाई गं. कॅमेऱ्यासाठी. एवढी माणसं काठावर होतो आम्ही, मीही होते, तुझ्यासाठी दोरी बांधायचं एकालाही सुचलं न्हाई."

तिनं मान हलवली. मग मोबाईल काढला, वीरधवलला लावला आणि स्पीकरवर ठेवला.

"बोल की राणी," तो म्हणाला.

"एक विचारायचं होतं. माझा खांदा अजून दुखतोय. कशानं लागलं असेल?"

मी मनातल्या मनात म्हणत होते, सांग रं बाबा. आत्ता तरी खरं सांग, अजून वेळ गेली नाही. खरंच मला तसं वाटत होतं.

"माझ्या हातानं की गं," तो हसला. "लय जोरात धरलं तुला. सोडलं असतं तर गेली असतीस."

तिनं फोन बंद केला. तिचे डोळे भरले होते, पण आवाज अगदी सरळ होता. "पाय दिला ते मी विसरले असते, ताई. खरंच विसरले असते." तिनं पदरानं डोळे टिपले, उठून दार उघडलं आणि हाक मारली, "आबा, जरा आत या."

आकाराम आले. चपला दारात नीट काढून ठेवल्या. अंगठीचा पांढरा वळ त्यांच्या बोटावर अजून दिसत होता. राजेश्वरीनं त्यांना माझ्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः मागं उभी राहून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"ताई, परत पहिल्यापासून लावा."

म्हाताऱ्यानं खिशातला चष्मा काढला, पुसला, डोळ्यांवर चढवला आणि माझ्याकडं बघून कौतुकानं हसला.

"लावा लावा. जावयाचा पराक्रम बघू द्या की मला बी."

मी लावलं.