खऱ्या लग्नाचा पुरावा

आमचं लग्न खरं आहे, यावर त्या देशाचा विश्वास बसला नाही. देशाचं नाव घेत नाही, घेतलं की तोंड कडू होतं. शेंदूरजनाघाटच्या रोपवाटिकांमध्ये संत्र्याची कलमं बांधून बांधून माझ्या नवऱ्याचा, नितेशचा, हात बसलेला. तिकडच्या फळबागेला असा माणूस हवाच होता, म्हणून त्याचा व्हिसा झटपट झाला. बायको मात्र त्यांना तपासून हवी होती.

माझा अर्ज फेटाळला गेला, तेव्हा अमरावतीचे एजंट अश्विनभाऊ यांनी कारण समजावलं. पती-पत्नी एकमेकांच्या संपर्कात आहेत असं दिसत नाही. दोघांचाच असा एकही फोटो नाही. माझ्या नंबरवर नवऱ्याचा एकही फोन नाही.

कसा असेल? नितेशचा फोन रोज येतो, पण सासूबाईंच्या मोबाइलवर. जेवणं झाली की सगळे गोल करून बसतात. मामंजी बागेचं सांगतात, नणंद आचल नेटवर्कला शिव्या घालते, शेजारच्या माणिकबाईसुद्धा तोंड दाखवून जातात. शेवटी फोन माझ्याकडे येतो. मी विचारते, जेवले काय? तो म्हणतो, हो. झालं आमचं बोलणं. सुनेनं नवऱ्याला वेगळा फोन लावला, तर ती घराच्या चुगल्या करते असा आमच्याकडे समज. फोटोंचीही तीच गत. लग्नाच्या अल्बममध्ये आम्ही दोघं जिथे आहोत, तिथे आजूबाजूला अख्खं मोर्शी गाव उभं आहे.

सासूबाई अश्विनभाऊंवरच उखडल्या. "इतक्या लोकाईदेखत लगन लावलं, ते खोटं? अन् खोलीत एकटे बसून बोलले का मंग खरं?" त्यांचं बरोबर होतं. पण बरोबर असून उपयोग नव्हता.

सहा महिने रोज एकमेकांशी बोला, लिहा, मग पुन्हा अर्ज करू, असं अश्विनभाऊ म्हणाले. घरानं कंबर कसली. आता फोन माझ्या मोबाइलवर यायचा. सासूबाई सगळ्यांना अंगणात हाकलायच्या आणि बाहेरून ओरडायच्या, "लाजू नको वं, बोल बिनधास्त." असं कोणाला बोलता येतं? मग लिहायचं ठरलं. आचल सुचवायची, मी टाइप करायचे. 'तुमच्याशिवाय करमत नाही' हे मी एका हातानं गहू निवडता निवडता लिहिलं. तिकडून हृदयाची चित्रं यायची, तीही बहुतेक त्याच्या खोलीतला कोणी मित्र सुचवत असावा. लाज वाटायची आणि त्याहून जास्त राग यायचा. करमत तर खरंच नव्हतं. पण ते कोण्या साहेबाला पटावं म्हणून का लिहायचं?

चॅट छापून गठ्ठा तयार झाला, आणि अश्विनभाऊंचा फोन आला. तिकडचा नियम बदलला होता. शेतात, बागेत राबणाऱ्यांना आता बायको-मुलांना बोलावताच येणार नव्हतं. म्हणजे आमचं लग्न खरं की खोटं, हे आता कोणी विचारणारसुद्धा नव्हतं. नितेशचा करार अजून तीन वर्षांचा. मध्येच सोडून आला, तर पुन्हा तिथे पाऊल ठेवता येणार नाही.

त्या दिवशी त्याचा फोन आला, तेव्हा कोणी हाकललं नाही तरी सगळे आपसूक उठून बाहेर गेले. अंगणातून आवाजही आला नाही.

मी आडवळण न घेता म्हणाले, "तुमी वापस या."

तो म्हणाला, "यावं बी वाटते. पण आलो तं हे सारं गेलं. इथं माह्या कामाले किंमत आहे."

"मंग मी काय करू?"

"मले नाई मालूम, प्राजक्ता."

मला त्याचा राग आला आणि त्याची कीवही आली. छापून ठेवलेल्या त्या गठ्ठ्यात इतकं खरं आम्ही एकमेकांना एकदाही लिहिलं नव्हतं. मी फोन ठेवला नाही. त्यानंही ठेवला नाही.