चाकांवरची न्हाणी

मी एक जुनी न्हाणी आहे, मित्रांनो. चाकांवरची. जन्मले एस्टोनियात, आणि आता युक्रेनमधल्या एका मोडक्या गावात शाळेच्या मागे उभी आहे. माझ्या एका चाकातली हवा गेली आहे, धुराड्याला गंज चढला आहे. त्याचं मला फारसं काही वाटत नाही. माझा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे, आणि तो गिळून गिळून मला आता कंटाळा आला आहे.

माझ्या गावी वाफेच्या न्हाणीशिवाय घर नसतं. शनिवारी चूल पेटवायची, तापल्या दगडांवर पाणी शिंपडायचं आणि वाफेत बसायचं. आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळे एकाच बाकावर, अंगावर चिंधी न ठेवता. यात लाजण्यासारखं काही असतं, हे तिथं कुणाच्या डोक्यातही येत नाही.

मला काल्यू सुतारानं बांधलं. वय बाहत्तर, बायको दोन वर्षांपूर्वी गेलेली, दिवसाला मोजून दहा शब्द बोलणार. त्याची शेजारीण लेइदा शाळेची बस चालवायची. ती एक दिवस त्याच्या अंगणात येऊन म्हणाली, "तिकडे युक्रेनमध्ये युद्धात नळ फुटलेत. माणसांना महिनोन्महिने आंघोळ नाही. तुझे हात रिकामेच आहेत, काहीतरी कर."

"रिकामे कुठं? खिशात आहेत," काल्यू म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी कामाला लागला.

गावानं होडी वाहायचा जुना गाडा दिला. कुणी पाण्याची टाकी आणली, कुणी दगड. काल्यूनं चटका न देणाऱ्या लाकडाची बाकं केली, भिंतींच्या फटींत सुकं शेवाळ ठासलं. आणि शेवटी स्वतःच्या न्हाणीची खिडकी काढून मला बसवली. चांगली दोन हात रुंद, एकसंध काचेची. त्याची बायको त्या काचेतून तळं बघत बसायची. "बाहेरचं दिसलं नाही तर ती न्हाणी कसली, कोठडीच," तो म्हणाला. बघायला अख्खं गाव लोटलं. सगळ्यांनी खिडकीचं कौतुक केलं आणि मीही फुगले. खोटं कशाला सांगू?

मग लेइदा आणि काल्यू मला गाडीमागे जोडून निघाले, आणि सुरू झाली रखडपट्टी. आमचा देश एवढासा. मदतीच्या यादीत आमचं नाव शेवटी येतं, तेही जागा उरली तर. युक्रेनच्या सीमेअलीकडच्या मैदानात मी तेवीस दिवस उभी होते. कारण काय, तर कागदावर दोनच रकाने होते, घर आणि वाहन. मी दोन्ही होते, म्हणून कुठलीच नव्हते. तिथला साहेब रोज मान हलवून उद्या या म्हणायचा. लेइदा त्याला म्हणाली, "लिहा ना, चाकं असलेलं घर." तो म्हणाला, "बाई, तसा रकाना नाही." चोविसाव्या दिवशी दुसऱ्याच साहेबानं, न वाचताच, सही केली.

आम्ही पोचलो तेव्हा शाळेच्या तळघरात चाळीस माणसं राहत होती. त्यांचं सगळं बघायची राईसा, शाळेची स्वयंपाकीण. तिची आई पारास्का तिथंच एका खाटेवर पडून होती. कंबर मोडलेली, पाठीला जखमा झालेल्या. तळघरात थंडी अशी की तिचे कपडे उतरवायची सोय नाही. आजींचं मागणं एकच होतं. कुठंतरी गरम खोलीत नेऊन मला एकदा स्वच्छ न्हाऊ घाला, मग मी मरायला मोकळी.

काल्यूनं राईसाला आत आणून मला दाखवलं. खिडकीशी आल्यावर त्यानं काच बाहीनं पुसली आणि तिथंच घुटमळला. राईसा म्हणाली, "फार सुंदर आहे, काका." पाहुण्यांना तिनं बटाट्याचे, मोमोसारखे उकडलेले कानवले वाढले, आग्रह करकरून.

दुसऱ्या दिवशी सकाळी काल्यूनं चूल पेटवली. पाणी तापलं, दगड तापले, मी आतून ऊन ऊन झाले. कुणी आलं नाही. तिसऱ्या दिवशीही तेच. बायका टॉवेल घेऊन दारापर्यंत यायच्या, खिडकीकडे बघायच्या आणि बादलीभर गरम पाणी घेऊन परत जायच्या. काल्यू पायरीवर बसून धुमसत होता.

"एवढं हजार मैल ओढत आणलं. यांना नकोच असेल तर तोंडानं सांगावं की," तो म्हणाला.

"मग तू तोंडानं विचार की," लेइदा म्हणाली.

"आपण कशाला कुणाच्या घरात नाक खुपसा?"

हेच ते, मित्रांनो. माझ्या गावात न विचारणं ही सभ्यता समजतात. आणि राईसाच्या गावात, पाहुण्यानं आणलेल्या वस्तूत खोट काढणं म्हणजे निर्लज्जपणा. दोन्हीकडची माणसं इतकी चांगली वागली की मला ओरडावंसं वाटत होतं. पण न्हाणीला तोंड असतं कुठं? पाणी तापत राहिलं आणि निवत राहिलं.

चौथ्या दिवशी दुपारी लेइदानं राईसाला गाठलंच. काल्यूसकट तिघांनाही कामापुरती एक भाषा येत होती. "खरं सांग. काय चुकलंय?"

राईसानं हातातलं फडकं पिळून बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "ताई, स्फोटांनी आमच्या गावात एक काच शाबूत राहिली नाही. माझ्या भाचीच्या चेहऱ्यातून तीन तुकडे काढले. आणि तुम्ही ही एवढी मोठी काच घेऊन आलात. तिच्यापुढं उघडं होऊन कोण बसेल? त्यात खोली एकच. बायांनी कपडे बदलायचे कुठं?"

"पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंस गं?"

"काकांनी ती काच कशी पुसली, बघितलंत ना? जीभच उचलेना. आई रोज विचारते, मी रोज उद्या म्हणते."

लेइदानं काल्यूला सांगितलं. पटाशी घेऊन त्यानं चौकट सैल केली, काच गोधडीत गुंडाळली, त्या जागी फळ्या ठोकल्या आणि दारापाशी जाड पडदा बांधला. सगळं मिळून एका तासाचं काम. "सकाळी आईला आण," तो राईसाला म्हणाला.

सकाळी राईसा आली ती एकटीच. पारास्काआजी पहाटे गेल्या होत्या. "चूल पेटवता का, काका?" ती म्हणाली. "तिला न्हाऊ घालायचंय."

तळघरातल्या चौघींनी आजींना माझ्या बाकावर निजवलं. राईसानं आईचे केस सोडले, पाठ हलक्या हातानं धुतली, जखमांवर तर जास्तच हलक्या हातानं, जणू अजून दुखेल. काल्यू बाहेर लाकडं फोडत होता. जेवढी लागणार होती त्याच्या दसपट त्यानं फोडली.

नंतर पुष्कळ माणसं आली. रोज येतात. मुलं वाफेत खिदळतात, बायका पडद्याआड गप्पा मारतात, सगळे मला दुवा देतात. मला तो ऐकवत नाही.

आमच्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी म्हणतात, आमची काळजी घ्या. माझं तसलं काही मागणं नाही. मला गंजू द्या. पण कुणासाठी काही घेऊन निघालात, तर आधी त्याला विचारा, आणि तो भिडेनं छान म्हणाला तर पुन्हा विचारा. पारास्काआजींना एक गरम, बंद खोली हवी होती. ती त्यांच्या खाटेपासून तीस पावलांवर तीन दिवस तापून उभी होती.