पहिली ओळ अकरा बेचाळीसची

लॉगमधल्या, म्हणजे प्रोग्रॅम स्वतः लिहीत जातो त्या नोंदींमधल्या, पहिल्या ओळीची वेळ होती अकरा बेचाळीस आणि सात सेकंद. तक्रार सव्वानऊची होती.

एवढा फरक रुग्णालयाच्या संगणक विभागातल्या आमच्या साहेबांच्या नजरेत भरला नाही. त्यांनी काळ्या खिडकीत एक कमांड टाकली, कंटेनरचा लॉग भराभर वर सरकला आणि ते खुर्चीत रेलले. "बघा मॅडम. एक एरर नाही. लख्ख!"

लख्ख असणारच. कंटेनर म्हणजे प्रोग्रॅम भरलेला डबा. डबा फेकून नवा मांडला की जुन्याचा लॉगही त्याच्याबरोबर जातो. साहेब आधी डबा फेकतात, मग चौकशी करतात. या एका विद्येवर त्यांना दोन बढत्या मिळाल्या. पाठीमागे आम्ही त्यांना झाडूराव म्हणतो.

"म्हणजे घोळ प्रयोगशाळेतल्या ताईंचा," ते म्हणाले. सकाळी एका रुग्णाचा रक्ताचा अहवाल दुसऱ्याच्या नावावर छापला गेला होता. "चुकीचा नंबर टाकला असणार. काढतील तिला, दुसरी मिळेल." त्यांनी ताईंवर दोष ठेवणारा कागद पुढे सरकवला. "करा सही. तुम्ही विज्ञानवाल्या, तुमच्या सहीला वजन आहे."

त्या ताईंना मी एकदाच पाहिलं होतं. नळीवर चिठ्ठी लावण्याआधी नंबर ओठांतल्या ओठांत दोनदा म्हणत होत्या.

"साहेब, हा कंटेनर जन्मला अकरा बेचाळीसला. तान्ह्या बाळाला आजोबांच्या लग्नाची साक्ष कसली विचारताय?"

ते मोठ्यानं हसले. कळलं नाही तरी हसायची त्यांना सवय आहे. वरिष्ठांच्या खोलीत लागलेली.

"छान! आता सही."

असे तीन कागद मी याआधी सही करून दिले होते. दर वेळी 'पुढच्या वेळी बघू' असं मनाशी म्हणत. त्यामुळे झाडूरावांना हसायचा मला फारसा अधिकार नव्हता. तिसऱ्या सहीनंतर मी एवढंच धाडस केलं: माझ्या मशीनवर लॉग सतत वाहता ठेवला आणि एका फाइलमध्ये साठवत गेले. त्या फाइलमध्ये आज सकाळी सात चाळीसची एक ओळ होती: प्रोग्रॅमनं एकच नंबर दोन नमुन्यांना दिला होता.

मी पेनाचं टोपण काढलं. परत लावलं.

"काय झालं? शाई संपली?"

"नाही. सही करणार नाही. जुन्या डब्याचा लॉग माझ्याकडे आहे, तो मी आत्ता प्रयोगशाळेला पाठवते. आणि आधीच्या तीन सह्या मागे घेते."