पाटावरची कंदीलवाली

"पाटाच्या पाण्याची आपली पाळी आज रात्री, आणि तुम्हाला गोष्टी सांगायच्यात?" काकूंनी फावडं अंगणात आपटलं.

काका धुवट सदऱ्याची बटणं लावत होते. गावातला एक नंबरचा थापाड्या अशी त्यांची ख्याती. पण गळ्यात शिट्टी अडकवून सहली काढणाऱ्या शहरातल्या एका साहेबांनी परवा त्यांना 'कथाकार' म्हटलं, आणि तेव्हापासून गड्याचे पाय जमिनीला लागेनात. आज टेकडीच्या पायथ्याशी शहरातली पाहुणेमंडळी जमणार होती. गावातला शिंपी पेटी वाजवणार, काका गोष्ट सांगणार आणि मग साहेब सगळ्यांना अंधारात पाटाच्या कडेनं फिरवून आणणार, असा बेत होता.

"अगं, अंधारात चालायला लोक लांबून येतात."

"मी दर पाळीला चालते. माझं कौतुक केलंय कुणी?"

"तुझं ते काम. त्यांचा तो अनुभव!"

कांद्याचं रोप नुकतंच लावलेलं. आजचं पाणी चुकलं तर रोप माना टाकणार आणि वर्षाची मेहनत मातीत जाणार. बॅटरीही काकांनी पळवली होती, गोष्ट सांगताना तोंडावर उजेड पाहिजे म्हणे. काकूंनी जुना कंदील पेटवला, पदर खोचला आणि एकट्याच निघाल्या.

पाणी सुटलं, दोन वाफे भिजले आणि घात झाला. उंदरांनी पोखरलेला बांध फुटला आणि पाणी धो धो ओढ्याकडे निघालं. काकूंनी माती टाकावी आणि पाण्यानं ती ओढ्यात नेऊन घालावी, असं चाललं. एकट्या बाईनं किती पुरं पडायचं!

तेवढ्यात पाटावर माणसांची रांग येऊन थांबली. काकांचा खर्जातला आवाज आला, "तीच ती! पाटात बुडालेली कंदीलवाली. अजून वाट चुकलेल्यांना हाका मारते."

काकूंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आपण आज शेतात कंदील घेऊन असणार हे धरूनच या माणसानं गोष्ट रचली होती. धडधाकट बायकोचं जितेपणी भूत करून टाकलं होतं.

"अहो, बांध फुटलाय! उतरा खाली!"

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

"किती अस्सल बोलली!"

"आवाजातलं दुःख ऐकलंत?"

"जवळ जाऊ नका," साहेब कुजबुजले. "नुसतं अनुभवा."

"माझा कांदा मरतोय हो!"

"वा! काय ताकद आहे!"

काकांनी एक पाऊल उचललं आणि परत ठेवलं. ही माझी बायको म्हणावं तर कथाकाराचा पुन्हा थापाड्या होणार. ते मान खाली घालून उभे राहिले. ते बघून काकूंना रडूच फुटलं. पाणी गेल्याचं दुःख होतंच, पण आपला माणूस दहा पावलांवर उभा राहून तमाशा बघतोय, याची आग जास्त होती.

मग त्यांनी डोळे पुसले. बाईचं कुणी ऐकत नाही, तर भुताचं तरी ऐकतील! त्यांनी कंदील वर धरला, केस मोकळे सोडले आणि घोगऱ्या आवाजात ओरडल्या, "या भगदाडात माणसं बसल्याशिवाय मला मुक्ती नाही!"

"अरे, आपल्याला भाग घ्यायचाय!" कुणीतरी आनंदानं ओरडलं, आणि पाहुणे भारी भारी बुटांसकट धपाधप खाली उतरले. सहा जण खांद्याला खांदा लावून भगदाडात बसले. थंडगार पाणी कमरेला लागलं तशी एकेकाची किंकाळी निघाली, पण उठलं कुणी नाही. पाणी अडलं.

"आणि तू रे कथाकारा!" कंदीलवालीनं पाटाकडे बोट केलं. "फावडं घे!"

काकांनी मुकाट्यानं फावडं घेतलं. पाठीमागून मातीवर माती पडत गेली, काकू पायानं तुडवत गेल्या. बांध पक्का झाल्यावरच त्यांनी पाहुण्यांना उठू दिलं. पाणी पुन्हा कांद्याकडे वळलं होतं.

चिखलानं माखलेले साहेब गहिवरून पुढं आले. "बाई, असा अनुभव आयुष्यात घेतला नव्हता. पुढच्या कार्यक्रमालाही याल ना?"

"येईन की," काकू केस बांधत म्हणाल्या. "पण जरा जाडजूड माणसं निवडून आणा. असल्या बारक्यांच्या मधून पाणी झिरपतं."