तोंड भिंतीकडे

खोक्याचं तोंड भिंतीकडे करायचं, ही मुकादमाची शिकवण. लेबल ज्या बाजूला असेल ती बाजू आत. विमानाच्या पोटात सामान रचताना बॅगांची चाकं घासतात, लेबलं सोलवटून निघतात, आणि मग उतरण्याच्या ठिकाणचा तपासनीस फाटक्या लेबलाचं खोकं अडवून ठेवतो. अशाच एका लेबलावरून साहेबांनी मुकादमाला चारचौघांत फैलावर घेतलं होतं. तेव्हापासून त्याने शिकवलेल्या कुठल्याही हमालाचं लेबल फाटलं नव्हतं. नियम सांगतो, की धोक्याच्या मालाचं लेबल समोरून दिसलं पाहिजे. पण नियम लिहिणाऱ्याने कधी गुडघ्यांवर रांगत खोकी रचलीत का, असं मुकादम विचारायचा आणि सगळे हसायचे.

हसणाऱ्यांत त्याचा जावईही असायचा. सासऱ्याच्याच हाताखाली कामाला लागल्यामुळे अख्ख्या शेडमध्ये त्याचं नाव जावईबापू पडलं होतं. पाणी प्यायला थांबला तरी कुणीतरी मानपान नीट होतोय ना म्हणून चौकशी करायचा. गडी मनाला लावून घेणारा नव्हता, आणि सासऱ्याचा शब्द त्याला प्रमाण. इतका, की घरातले डबेसुद्धा तो चिठ्ठीची बाजू भिंतीकडे करून ठेवायचा. एकदा चहात साखरेऐवजी मीठ पडलं, तेव्हा मुलगी तरातरा बापाकडे आली आणि तुमच्या शिष्याला आवरा म्हणून भांडली. मुकादम डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला होता. पोरीने नशीब काढलं, असं त्याला मनापासून वाटायचं.

त्या सकाळी मुकादमाने मागच्या कप्प्यात लशींची खोकी चढवली. मोठी, पांढरी, आत कोरडा बर्फ. या बर्फाचं पाणी होत नाही, वायू होतो, आणि बंद जागेत तो तळाशी साचत जातो. डोळ्यांना काही दिसत नाही. माणूस त्यात वाकला तर चार श्वासांत आडवा होतो. म्हणून काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचं लेबल दिसलं, की दार सताड उघडायचं आणि आत हवा खेळेपर्यंत बाहेर थांबायचं. हे सगळ्यांना तोंडपाठ होतं, जावईबापूलाही. लेबल तेवढं दिसायला हवं.

विमान वेळेवर उडालं असतं तर काहीच झालं नसतं. पण धुकं उतरलं आणि हटेना. प्रवासी वर बसून कंटाळले, खाली मालाचे कप्पे बंदच राहिले. दुसरी पाळी आली, त्या दिवशी तिच्यात जावईबापू होता. आत काय भरलंय ते मुकादमाने त्याला सांगितलं नाही. भरून बंद केलेल्या विमानाबद्दल कोण कुणाला काय सांगतं? मुकादम कपडे बदलायला निघून गेला.

मग एका प्रवाशाने वैतागून उतरायचं ठरवलं. माणूस उतरला की त्याची बॅगही उतरवावी लागते, आणि ती होती मागच्या कप्प्यात. जावईबापूने दार उघडलं, बॅटरीचा झोत टाकला. समोर कोरी पांढरी खोकी, एकसारखी, ओळीने. सासऱ्याच्या हातची रचना त्याला ओळखू आली असणारच. बॅग शोधत तो खोक्यांच्या मागे रांगत गेला.

आरडाओरडा ऐकून मुकादम एकाच पायात बूट घालून धावला. दोघे हमाल आत शिरायच्या बेतात होते. आत जावयाचे तळवे दिसत होते, हात पोचणार नाही इतके लांब. मुकादम दोघांना ढकलून दारात आडवा उभा राहिला.

"कुणीही आत जायचं नाही. मीसुद्धा नाही. मुखवटेवाले येऊ देत."

एकाने त्याला आईवरून शिवी दिली. मुकादमाने दाराची चौकट सोडली नाही. वाचवायला जाणाराही तिथेच पडतो, हे त्याला ठाऊक होतं. पाठीमागे जावई पडलेला, आणि तो दार अडवून उभा. जीव तीळ तीळ तुटणं म्हणजे काय ते त्याला तेव्हा कळलं. अग्निशमनची माणसं तोंडावर मुखवटे चढवून आत गेली, त्यांनी खोकी धडाधड बाहेर फेकली आणि जावईबापूला ओढून काढलं. पण फार उशीर झाला होता.

चौकशीला आलेल्यांनी मुकादमाची पाठ थोपटली. तुम्ही दोन जीव वाचवलेत म्हणाले. बाहेर इतस्ततः पडलेली खोकीही त्यांनी पाहिली. सगळ्यांची लेबलं शाबूत, नव्यासारखी. तुमच्या कामात खोट नाही, असं म्हणून ते उठले. मुकादम मान खाली घालून बसून राहिला.

तेव्हापासून तो मुलीकडेच राहत होता. भेटायला येणारे कुजबुजायचे, की दारात उभा होता आणि आत गेला नाही, हा बाप कसला. मुलगी त्यांना ठणकावून सांगायची, की बाबांनी केलं तेच बरोबर होतं. ते ऐकून मुकादमाला आणखीच मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

माणसांची ये-जा थांबली तेव्हा एका दुपारी तिने चहा ठेवला. साखरेसाठी फळीकडे हात नेला आणि हात तिथेच राहिला. डबे नवऱ्याने लावलेले होते तसेच होते, सगळे भिंतीकडे तोंड करून.

पाठमोरीच ती हळू आवाजात म्हणाली, "ते पट्टे दिसले असते तर हे आत गेलेच नसते. बाबा, खोकी कशी ठेवली होती?"

मुकादमाने फळीकडे पाहिलं.

"अशीच," तो म्हणाला.

तिने गॅस बंद केला. एकेक डबा उचलून त्याची चिठ्ठी पुढे केली. मीठ, साखर, तांदूळ, सगळे. शेवटचा डबा फिरवून झाल्यावर ती बाहेरच्या खोलीत गेली, आणि बापाची पिशवी उचलून तिने दाराशी नेऊन ठेवली.