अडीचशे गाड्यांतला एक बोल्ट

कंपनीत मला सगळे मामा म्हणतात. नाव सर्जेराव, गाव कासुर्डी. सव्वीस वर्षं झाली, सकाळी हायवेला उभा राहतो, कंपनीची बस येते, चौफुल्याला वळून न्हावऱ्यावरून शिरूरच्या बाजूला जाते. या सव्वीस वर्षांत माझ्या नावावर एकही तक्रार नाही. हे मी लाईनवरच्या पोरांना इतक्या वेळा ऐकवलंय की ती माझ्या पाठीमागं माझी नक्कल करतात. करू देत. नकलेलाही अक्कल लागते.

गेल्या वर्षी कंपनीनं आमच्या साध्या गाडीला टर्बो बसवायचं काढलं. साधी गाडी म्हणजे तालुक्यातल्या निम्म्या मास्तरांच्या दारात उभी असते ती, छोटी, गरीब स्वभावाची. तिला टर्बो लावून, रुंद चाकं देऊन, किंमत अडीचपट करून अडीचशे गाड्या बनवायच्या होत्या. जुन्या शेडमध्ये त्यासाठी वेगळी लाईन टाकली. चाळीस पोरंपोरी कॉन्ट्रॅक्टवर घेतली आणि त्यांच्यावर टीम लीडर म्हणून मला बसवलं.

पहिल्याच दिवशी मी शितल मॅडमना विचारलं. या आमच्या प्रॉडक्शन इंजिनिअर, वयानं माझ्या मुलीएवढ्या.

"मॅडम, ही गाडी घेणार कोण? शिरूर-दौंडात तर कोणी घेत न्हाई."

"कोणी नाही घेतली तरी चालेल मामा," त्या म्हणाल्या. "आपल्याला रॅलीत उतरायचंय. डोंगरातले कच्चे रस्ते, चिखल, तिथली शर्यत. आणि त्या स्पर्धेचा नियम असा आहे की शर्यतीपुरती वेगळी गाडी बनवून चालत नाही. जी गाडी लोकांना विकत मिळते, तीच पळवायची. तीही एक-दोन नाही, अडीचशे बनवून दाखवायच्या. त्यांचा माणूस येऊन मोजतो, मग शिक्का."

"आन् टर्बो कशाला?"

"इंजिन छोटंच ठेवावं लागतं. टर्बो त्याच्यात जास्त हवा कोंबतो, म्हणून ताकद वाढते. डोंगरात टिकलं ते तंत्र उद्या साध्या गाडीतही येतं. आणि खरं सांगू? शर्यत ही जिंकणार, खपणार ती साधी."

हे मला चटकन पटलं. आमच्याकडं बैलगाड्यांच्या शर्यती होतात. शर्यतीच्या घाटात एक जोडी जिंकते, पण त्या गोठ्यातल्या सगळ्या खोंडांना गिऱ्हाईक लागतं. ज्याला आयुष्यभर नांगर ओढायचाय त्याचीही किंमत वाढते. कंपनीचं डोकं आणि आमच्या गावच्या पाटलाचं डोकं एकच निघालं याचं मला हसू आलं.

पोरांना मात्र यातलं एकच कळलं होतं. काम संपल्यावर चाळीसातल्या बाराजणांना परमनंट करणार, आणि ती यादी मामा देणार. माझ्या यादीत पहिलं नाव होतं गौतमीचं.

गौतमी न्हावऱ्याची. चोवीस वर्षांची, आयटीआय झालेली. तिचे वडील पोपटराव तीस वर्षं एसटीच्या आगारात मेकॅनिक होते. पोरीच्या हातात बापाचा हात उतरला होता. तिच्याकडं सगळ्यात नाजूक काम दिलं होतं. टर्बोला इंजिनातून तेल नेणारा एक बारका पाइप असतो, तो एका पोकळ बोल्टनं धरलेला असतो. बोल्ट बोटानं बसवायचा, मग टॉर्क रेंचनं आवळायचा. पुरेसा आवळला की रेंच टक करतो. टक ऐकली की बोल्टच्या डोक्यावर पिवळ्या मार्करनं खूण करायची. खूण म्हणजे आवळलं, पुढच्यानं डोळे झाकून विश्वास ठेवायचा. हा बोल्ट ढिला राहिला तर तेल टर्बोवर गळतं, आणि टर्बो तर पळताना लालबुंद झालेला असतो. पुढचं सांगायला नको.

आता नियम तो नियम आणि वहिवाट ती वहिवाट. बोल्ट बसला की त्याच्यापुढं पत्र्याचं कव्हर येतं, मार्कर नीट पोचत नाही, बोटं पिवळी होतात. म्हणून जुने लोक ट्रेमध्येच पाच-सहा बोल्टांना आधी खूण करून ठेवतात. मीही ठेवतो. टक काय, आपण करतोच की. गौतमीला हे आवडत नसे. ती वेडीवाकडी होऊन का होईना, टक ऐकल्यावरच बारीक सरळ रेघ ओढायची. मी तिला म्हणायचो, "अगं, किती सोवळं करशील?" ती हसायची आणि आपलंच खरं करायची.

शेवटच्या आठवड्यात मंगळवारी बावीस गाड्या झाल्या, बुधवारी काम संपलं. अडीचशे गाड्या पटांगणात रांगेनं उभ्या राहिल्या. शुक्रवारी मोजणारा साहेब परदेशातून येणार होता.

गुरुवारी सकाळी न्हावऱ्याला गौतमी बसमध्ये चढली आणि माझ्याशेजारी येऊन बसली. तोंड उतरलेलं.

"मामा, मंगळवारी च्याच्या टायमाला तुम्ही माझ्या जागेवर उभं ऱ्हायला व्हता. किती गाड्या केल्या?"

"दोन. तवाच सांगितलं की तुला."

"मग माझ्या वीस व्हायला पायजेत. मी रोज टक मोजती मामा, मनातल्या मनात. मंगळवारी एकोणीसच झाल्या. दोन दिस झोप न्हाई मला. एक बोल्ट माझ्या हातनं तसाच गेलाय."

मी तिला समजावलं. मोजण्यात चुकली असशील म्हणालो. एवढी मोजणी होऊ दे, शिक्का बसू दे, मग बघू म्हणालो. उद्या साहेब येणार आणि आज आपण गाड्या उघडून बसायचं, म्हणजे हात दाखवून अवलक्षण. यादीचंही तिच्या कानावर घातलं.

"मोजून झालं की गाड्या ट्रेलरवर चढत्यात मामा," ती म्हणाली. "मग कोण उघडतंय? त्यात माणसं बसणार हायत."

बस थांबली तशी ती सरळ शितल मॅडमच्या केबिनमध्ये गेली. मला राग आला. खोटं कशाला बोलू, तिच्या खरेपणाचाच राग आला.

मॅडम रागावल्या, पण बाई सरळ. मंगळवारच्या बावीसच्या बावीस गाड्या पुन्हा शेडमध्ये घ्या म्हणाल्या. दिवसभर आम्ही तेच केलं. गौतमी गाडीखाली, मी शेजारी वाकून बॅटरी धरलेली. एक-एक कव्हर काढायचं, रेंच लावायचा. बोल्ट हलत नव्हते. दहा गाड्या झाल्या, बारा झाल्या. मला वाटायला लागलं, पोरगी मोजण्यातच चुकली.

सतराव्या गाडीत बोल्ट बोटानं फिरला.

तिनं तो काढून माझ्या हातात दिला. "सापडला," म्हणाली. मी बॅटरी त्याच्यावर धरली. डोक्यावर पिवळा ठिपका होता. जाड, गोल, मार्कर दाबून टेकवलेला. रेघ नव्हती. गौतमी रेघ ओढते. ठिपका मी देतो, सव्वीस वर्षं मी ठिपकाच देत आलोय.

तेव्हा मला सगळं आठवलं. दोन गाड्या पुऱ्या करून मी तिसरीला बोल्ट बसवला होता, आधीच खूण केलेला. तेवढ्यात गौतमी आली आणि मी तिला जागा सोडली. तिनं खूण पाहिली, विश्वास ठेवला आणि गाडी पुढं पाठवली.

तीही ठिपक्याकडं बघत होती. मग तिनं माझ्याकडं पाहिलं. "नवीन वायसर द्या मामा," एवढंच म्हणाली. मी दिले. तिनं बोल्ट पुसला, बसवला, आवळला. टक झाली. मग तिनं वर रेघ ओढली.

संध्याकाळी मॅडम चुकीची नोंद करायचा फॉर्म घेऊन आल्या. "बोल्ट कोणाचा राहिला होता?"

गौतमी गप्प उभी राहिली. आज मला कळतं, ती माझ्यासाठी गप्प राहिली होती. मला बोलायला जागा करून दिली होती तिनं. एक मिनिट तरी गेलं असेल. निवृत्तीला चौदा महिने, सव्वीस वर्षांचं नाव, ज्या पोरांना रोज बोधामृत पाजलं त्यांचे चेहरे, एवढं सगळं त्या मिनिटात माझ्या डोक्यातून गेलं. पोरगी तरुण आहे, तिला कुठंही काम मिळेल, असंही गेलं. मी मूग गिळून उभा राहिलो. मॅडमनी फॉर्मवर त्या जागेच्या ऑपरेटरचं नाव लिहिलं.

शुक्रवारी साहेब आला. गोरापान, उंच, उन्हानं लाल झालेला. प्रत्येक गाडीच्या टपाला हात लावत त्यानं अडीचशे मोजल्या. मग सह्या झाल्या, टाळ्या झाल्या. सोमवारी परमनंटची यादी लागली. पहिलं नाव हृतिकचं होतं, जो चाकं बसवायचा. गौतमीचं नाव नव्हतं. फॉर्मवर नाव आलेल्याला घेता येत नाही, मॅडम म्हणाल्या, आणि त्यांनाही वाईट वाटलेलं दिसलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते मी इतक्या जवळून कधी पाहिलं नव्हतं. चोर मीच होतो, म्हणून असेल.

उन्हाळ्यात आमची गाडी रॅली जिंकली. कंपनीत पेढे वाटले. चिखलात उडालेल्या गाडीचा फोटो गेटवर लागला आणि मॅडम म्हणाल्या तसंच झालं, साध्या गाडीच्या बुकिंगला रांग लागली. टर्बोची लाईन मात्र कधीच उचलली होती. अडीचशेचं काम होतं, ते झालं.

त्या आठवड्यात पोपटरावांचा फोन आला. "सर्जेराव, येऊन जावा एकदा." मला नाही म्हणता आलं नाही. रविवारी मोटारसायकल काढली आणि न्हावऱ्याला गेलो.

घर छोटं, स्वच्छ. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, खाली पोपटरावांचा निरोप समारंभाचा फोटो. गौतमी शिक्रापूरला एका पॅकिंगच्या गोडाऊनमध्ये लागली होती, दुपारच्या पाळीला निघायच्या तयारीत होती. मला बघून तिनं पाणी आणून ठेवलं.

पोपटरावांनी आढेवेढे घेतले नाहीत.

"सर्जेराव, तीस वर्षं मी घाटातनं जाणाऱ्या गाड्यांची चाकं आवळली. ही पोरगी एवढीशी व्हती तवा तिला डेपोत न्यायचो. तिला सांगायचो, गाडीत माणसं बसत्यात, आपला हात ढिला तर कुणाचं तरी घर जातं. आन् तिच्याच नावावर ढिल्या बोल्टाचा कागुद झाला. नोकरी गेली त्याचं न्हाई मला एवढं. पर चार महिनं झालं, मी पोरीशी धड बोललेलो न्हाई. जीवच व्हत न्हाई. तुम्ही तिचं सायब. तुम्ही डोळ्यानं बघितलंय. मला खरं सांगा, माझ्या पोरीनं बोल्ट ढिला सोडला व्हय?"

मी गौतमीकडं पाहिलं. ती दाराशी पाठमोरी उभी राहून डबा पिशवीत घालत होती. तिचा हात थांबला. म्हणजे हिनं बापालाही सांगितलं नव्हतं. चार महिने ही पोरगी या घरात बापाचा अबोला सोसत जेवली-खाल्ली आणि माझं नाव हिच्या तोंडून निघालं नाही. मला स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"न्हाई पोपटराव," मी म्हणालो. "बोल्ट माझा व्हता. खूण माझी व्हती. तिला ठाऊक व्हतं, आन् मला बी. मॅडमनी इचारलं तवा मी बोललो न्हाई."

पोपटरावांनी माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं, आता हात उगारतील. उगारला असता तर बरं झालं असतं. पण ते लेकीकडं वळले.

"गौतमे, तू मला का सांगितलं न्हाईस गं?"

"तुम्ही इचारलं कुठं पप्पा?" ती म्हणाली. "तुम्ही तर कागुद बघून मानलं."

म्हाताऱ्याचा चेहरा पडला. मी घाईघाईनं म्हणालो, उद्याच मॅडमना जाऊन सगळं सांगतो, लिहून देतो, तुझं नाव पुन्हा लावायला लावतो. बोलता बोलता मलाच कळत होतं की लाईन उचललीय, बारा जागा भरल्यात, आणि माझा उद्याचा कागद कुठल्याच फायलीत बसणार नाही.

गौतमीनं पिशवी खांद्याला लावली, चप्पल घातली. माझ्याकडं बघून ती रागावली नाही, रडलीही नाही.

"हे तिथं सांगायचं व्हतं, मामा," ती म्हणाली.

आणि दोनची पाळी होती, म्हणून निघून गेली.