पुसायची सोय

> लिही
आज तिसऱ्यांदा चादर बदलली. आई एकदाची सुटावी.

ही ओळ ताईने गेल्या वर्षी लिहिली. आई सुटली नाही, चांगली खडखडीत बरी झाली, आणि आता ताईच्या खुर्चीला खुर्ची लावून बसायची. नवा चष्मा लावून.

रोजनिशीचा प्रोग्राम धाकट्या भावाने लिहून दिलेला. काळा पडदा, त्यावर आज्ञा टाइप करायच्या. उघडला की आधी जुनी एखादी ओळ दाखवायचा. कुठली, ते त्याच्या मर्जीवर.

म्हणून ताई भावाकडे गेली.

"तेवढी एक ओळ काढून दे रे."

"रोजनिशी म्हणजे काय पाटी आहे, थुंकी लावून पुसायला?" वेफर्स चघळत भाऊ म्हणाला. "पुसायची सोयच ठेवली नाही मी. माणसाने स्वतःशी तरी खरं वागावं, ताई."

फोन वाजला. त्याने बोटं चाटली, त्याच बोटांनी फोन उचलला. "माझ्याच मशीनवर बघ की! 'मदत' टाइप कर, सगळ्या आज्ञा दिसतील," म्हणत तो गॅलरीत गेला.

कीबोर्ड चिकट होता.

> मदत
लिही
वाच
शोध
पूस

ताईकडे पहिल्या तीनच होत्या.

> वाच
नवी गाडी. रंग झकास.
(पुसले)
(पुसले)
(पुसले)

बाजूच्या तारखा आईच्या दुखण्याच्या. ते सगळे महिने असेच, एकाखाली एक. आणि मग:

आई बरी झाली. आम्ही खूप झटलो.

आम्ही.

आईच्या चादरी धुताना ताईला कधी किळस आली नव्हती. आता आली; तिने कीबोर्डवरची बोटं ओढणीला पुसली.

"दिसली का सोय?" भाऊ हसत आत आला. पडद्याकडे बघून हसू तसंच राहिलं. "अगं, ते... चाचणीपुरतं आहे. तुला हवं तर घालून देतो ना तुझ्याही प्रोग्राममध्ये."

"नको. तुझ्या बोटांचं काही नको मला."

घरी आल्यावर तिने पडदा आईकडे वळवला, 'शोध' टाइप केलं आणि ती ओळ स्वतःच समोर आणली.

आईने चष्मा सावरून वाचली. पुन्हा वाचली.

"मीही तेच म्हणत होते तेव्हा," ती म्हणाली. "आणि तो? त्याने काय लिहिलंय?"

"काही नाही," ताई म्हणाली, आणि तिसऱ्यांदा साबणाने हात धुवायला उठली.